ड्रॅगनचे अक्षर: सोळा रेघा, दहा रेघा, पाच रेघा

चीनमधल्या औषधांच्या दुकानांत 'ड्रॅगनची हाडे' शतकानुशतके विकली गेली. ती कुटून औषधात घालत. प्रत्यक्षात ती होती नामशेष सस्तन प्राण्यांची जीवाश्मे. जायगँटोपिथेकस या महाकाय वानराची पहिली दाढ १९३५ साली हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात मिळाली. चीनमधल्या आन्यांग या गावाकडून येणारी काही हाडे मात्र वेगळी होती. ती बैलांच्या खांद्याची हाडे आणि कासवांच्या पोटाकडची कवचे होती, आणि त्यांवर अक्षरे कोरलेली होती. वांग यीरोंग या विद्वानाने १८९९ मध्ये त्यांचे मोल ओळखले. चीनच्या प्राचीन शांग घराण्यातल्या राजांनी सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी लावलेले कौल त्यांवर नोंदवलेले आहेत, आणि त्यांत ड्रॅगनचे अक्षरही आहे.

तिथे ते अजून चित्रच आहे: डोक्यावर तुरा, उघडा जबडा, वळलेले शेपूट. पुढे कुंचल्याने लिहिताना अक्षर चौकटीत बसवावे लागले, तेव्हा चित्राचे दोन तुकडे झाले. तुरा आणि जबडा डावीकडे गेले, अंग आणि शेपूट उजवीकडे. आजचे पारंपरिक अक्षर १६ रेघांचे आहे, डावीकडे ९ आणि उजवीकडे ७. डाव्या भागात वर 'उभे राहणे' आणि खाली 'चंद्र' या अक्षरांसारखे आकार दिसतात, पण अर्थाशी त्यांचा संबंध नाही. तो जुना तुरा आणि जबडाच आहे. शिकणाऱ्याचा हात चुकतो तो उजवीकडे. शेपटाच्या आकड्यात तीन लहान आडव्या रेघा लागतात, घाईत दोनच पडतात.

जपानने १० रेघांचे रूप घेतले. तिथल्या १९८१ च्या नित्य वापराच्या अक्षरांच्या यादीत तेच आहे. वर 'उभे राहणे'च्या ५ रेघा, खाली आडवी रेघ असलेल्या चौकटीच्या ४, आणि शेवटची रेघ चौकटीच्या माथ्यापासून मधून खाली उतरून उजवीकडे वळते आणि टोकाला वर उचलते. ही रेघ चौकटीच्या बुडापासून सुरू केली की अक्षर तुटल्यासारखे दिसते. व्यक्तिनामांत मात्र जपानी लोक १६ रेघांचे रूपही आवडीने ठेवतात.

चीनच्या सरलीकृत लिपीत उरल्या फक्त ५ रेघा, आणि इथे चूक महागात पडते. चौथी, डावीकडे उतरणारी तिरकी रेघ लिहायची राहून गेली, तर 'विशेषतः' या अर्थाचे निराळेच अक्षर तयार होते.

हे अक्षर दुसऱ्या अक्षरांत शिरले की बहुधा अर्थ बाजूला ठेवून फक्त आपला 'लुंग' हा उच्चार देते. त्याच्याखाली 'कान' लिहिला की 'बहिरा', डोक्यावर 'बांबू' लिहिला की 'पिंजरा'. जपानीत पाण्याच्या तीन रेघा १० रेघांच्या रूपाला जोडल्या की 'ताकी', म्हणजे धबधबा. तीन ड्रॅगन एकत्र लिहिले की ४८ रेघांचे अक्षर होते, चार लिहिले की ६४ रेघांचे. त्या चार ड्रॅगनांच्या अक्षराचा अर्थ 'अतिबडबड' असा आहे.

ड्रॅगनच्या चित्रांत नख्या मोजाव्यात. चीनच्या मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळात पाच नख्यांचा ड्रॅगन सम्राटाचा मानला जाई. जपानी ड्रॅगनला सहसा तीनच असतात, कारण त्यांच्याही आधीच्या तांग घराण्याच्या काळात चीनमध्येही तीन नख्यांचा ड्रॅगन रूढ होता, आणि जपानने तो तेव्हाच स्वीकारला.

बारा प्राण्यांच्या चिनी राशिचक्रातल्या ड्रॅगन वर्षासाठी जपानी लोक यांतले एकही अक्षर वापरत नाहीत. २०२४ च्या नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर ७ रेघांचे निराळे चिन्ह होते. वाचतात तेही 'तात्सु', म्हणजे ड्रॅगन असेच, पण त्याच्या आकारात ड्रॅगन नाही. पुढचे ड्रॅगन वर्ष २०३६ मध्ये येईल.