भागीदारी मोडल्यावर संकेतस्थळ कोणाचे? मालकीच्या वादाची पार्श्वभूमी

दोघे मिळून ऑनलाइन व्यवसाय सुरू करतात तेव्हा डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एकाच्या ईमेलवरून नोंदवले जाते आणि इन्स्टाग्रामचे खाते दुसऱ्याच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असते. पुढे बिनसले की ज्याच्या हाती पासवर्ड, तो स्वतःला मालक समजू लागतो. ताबा आणि मालकी यांतला फरक मात्र आपल्या कायद्याने इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी स्पष्ट केलेला आहे.

भागीदारीचे नियम पूर्वी १८७२ च्या करार कायद्यातच होते. ते वेगळे काढून १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा करण्यात आला. त्याच्या कलम १४ नुसार व्यवसायाचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, ही भागीदारी संस्थेची मालमत्ता ठरते आणि संस्थेच्या पैशातून घेतलेली वस्तू, वेगळा हेतू दिसत नसेल तर, संस्थेसाठीच घेतली असे मानले जाते. त्यामुळे डोमेनचे वार्षिक शुल्क कोणत्या खात्यातून भरले गेले, हा प्रश्न नोंदणी कोणाच्या नावावर आहे यापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भागीदारी चालू असताना कोणीही एका वस्तूवर बोट ठेवून ‘ही माझी’ म्हणू शकत नाही आणि विसर्जनानंतर, म्हणजे भागीदारी संपुष्टात आल्यावर, देणी भागवून जे उरेल त्यातच त्याचा वाटा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये अड्डांकी नारायणप्पा खटल्यात सांगितले.

महाराष्ट्रापुरता या इतिहासाला एक वेदनादायक टप्पा आहे. मूळ कायद्यात नोंदणी न केलेल्या संस्थेला दावे लावण्याची मुभा जवळपास नव्हती, तरी विसर्जन आणि हिशेब मागण्याचा भागीदाराचा हक्क अबाधित होता. १९८४ च्या राज्य दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) घालून, थोडे अपवाद वगळता, तोही हक्क काढून घेतला. केवळ शब्दावर विश्वास ठेवून पैसे आणि श्रम घालणाऱ्याला त्यामुळे न्यायालयाचे दारच बंद झाले. हे पोटकलम घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम खटल्यात दिला. आजचे कितीतरी घरगुती ऑनलाइन व्यवसाय नोंदणीशिवायच चालतात. त्यांच्यासाठी या निर्णयाचे मोल फार मोठे आहे.

डोमेन नावाला मालमत्तेचे मूल्य असल्याचे न्यायालयांनी त्याआधीच मान्य केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या खटल्यात आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात अशा नावांना व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. त्याच १९९९ साली डोमेनच्या वादांसाठी आंतरराष्ट्रीय लवाद धोरण आले, पण ते दुसऱ्याचे नाव बळकावणाऱ्यांना रोखण्यासाठी होते. नोंदणी आणि वापर हे दोन्ही दुष्ट हेतूने झाल्याचे त्यात सिद्ध करावे लागते. भागीदाराने दुसऱ्याच्या संमतीने केलेली नोंदणी त्या व्याख्येत सहसा बसत नाही, म्हणून असे वाद न्यायालयातच सोडवावेत असे लवाद अनेकदा सांगतात.

छायाचित्रे आणि मजकूर यांची गोष्ट वेगळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मिती करणाराच सर्वसाधारणपणे पहिला मालक असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी, स्वाक्षरीसह करावे लागते. भागीदार हा नोकर नसल्यामुळे त्याने लिहिलेला मजकूर आपोआप संस्थेचा होतो असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारीला (एलएलपी) भागीदारांपासून स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिले, त्यामुळे डोमेन थेट तिच्याच नावावर घेता येते. जुन्या पद्धतीच्या भागीदारीत मात्र १९३२ च्या तरतुदीच आधाराला येतात. वेगळा करार नसेल, तर विसर्जनानंतर व्यवहार मिटेपर्यंत संस्थेचे नाव वा मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरणाऱ्या भागीदाराला कलम ५३ खाली मनाई करून घेता येते. अंतिम हिशेब न करता उरलेल्यांनी संस्थेच्या मालमत्तेवर व्यवसाय चालू ठेवला, तर बाहेर पडलेला भागीदार कलम ३७ नुसार आपल्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा मागू शकतो किंवा त्या वाट्याच्या रकमेवर वार्षिक ६ टक्के व्याज घेऊ शकतो. या दोहोंतून निवड करण्याचा अधिकार त्याचाच असतो.