अनोळखी माणूस वेगळा, धोक्याची वागणूक वेगळी

अनोळखी माणसासोबत जायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, त्याने दिलेलं खायचं नाही. हे प्रत्येक घरात सांगून झालेलं असतं, त्यामुळे पुढे जाऊ.

घोळ असा की आपण मुलांना माणूस ओळखायला शिकवतो, वागणूक नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी 'अनोळखी' म्हणजे दिसायला भीतीदायक कुणीतरी. गोड बोलणारा, नावाने हाक मारणारा काका दोन मिनिटांत ओळखीचा होतो. (दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरांत नाव लिहू नका, ते यासाठीच.) शिवाय पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असण्याचं प्रमाण देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या आकडेवारीत 90 टक्क्यांच्या वर असतं. त्यात शेजारी येतात, नातेवाईक येतात, घरी येणं-जाणं असलेलेही येतात. 'अनोळखी' हा इशारा तिथे कामाचाच नाही.

म्हणून नियम माणसाला नको, कृतीला लावा: कुणासोबत जाण्याआधी, कुणाकडून काही घेण्याआधी, ठरलेली जागा सोडण्याआधी घरच्यांना विचारायचं. समोर मामा असो, रिक्षावाले काका असोत की परका, नियम तोच. मग कोण चांगला, कोण वाईट हे मुलाला ठरवावं लागत नाही. ते मोठ्यांनाही जमत नाही. 'आईला अपघात झालाय, चल लवकर' म्हणणाऱ्याला घरात आधीच ठरवलेला परवलीचा शब्द विचारायचा. 'दोडका'सारखा काहीही चालेल, पण घरातल्या कुत्र्याचं नाव नको, आणि एकदा वापरला की बदला.

वागणुकीच्या खुणा मुलांना सहज कळतात. 'नको' म्हटल्यावरही न थांबणारा. सगळ्यांपासून बाजूला नेणारा. वाटेत थांबवून मुलाकडेच मदत मागणारा. मोठ्यांना मदत लागली तर ते मोठ्यांकडे मागतात. चड्डीच्या आतल्या भागाला हात लावणारा किंवा स्वतःच्या लावायला सांगणारा. डॉक्टर तपासतात तेही आई-बाबा जवळ असताना. आणि 'घरी सांगू नकोस' म्हणणारा.

गुपित आणि सरप्राइज यांतला फरक एका ओळीचा: सरप्राइज वाढदिवसाला उघड होतं, गुपित कधीच उघड करायचं नसतं. तेव्हा 'आईला सांगू नको हं, चॉकलेट दिलं ते' हे आजी-आजोबांचं लाडकं वाक्य घरातून बंद करा. लाड करा, लपवायला शिकवू नका.

उलट, जत्रेत हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाशीच बोलावं लागतं. 2005 साली अमेरिकेत युटाच्या डोंगरात चार दिवस हरवलेला 11 वर्षांचा मुलगा शोधणारी माणसं दिसूनही लपत राहिला, कुणी पळवून नेईल या भीतीने. मुलाला शिकवा: जागेवर थांब, आईला पूर्ण नावाने हाक मार (नुसतं 'आई' ओरडलं तर दहाजणी वळतात), मग दुकानदार, गणवेशातला पोलीस किंवा लेकरं सोबत असलेली बाई गाठ आणि पाठ असलेला फोन नंबर सांग. 'जेव, नाहीतर पोलिसाला देईन' म्हणणाऱ्या घरातलं मूल नेमकं पोलिसापासून पळतं.

हे सगळं भाषण देऊन शिकवू नका. आठवड्यातून पाच मिनिटं 'समजा असं झालं तर?' खेळा. मुलाने कधी काही सांगितलंच तर तुमचं पहिलं वाक्य 'सांगितलंस, बरं केलंस' हे असावं. 'तू गेलासच का?' विचारलंत की मूल तिथेच गप्प होतं. तपशील खोदून विचारू नका, 1098 या मोफत हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे, आरोपी घरचा असला तरी.