आठ रुपयांचा घास आणि तासाभराचा खेळ

"त्याना बाप बी उशिरच बोलना व्हता." खानदेशात अडीच वर्षांचं पोर शब्द काढत नसलं की घरातली आजी हमखास असं म्हणते. कधीकधी तिचं खरंही ठरतं. पण पोराला मुळात ऐकूच येत नसेल तर?

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या चेतापेशी झपाट्याने एकमेकींशी जोडल्या जातात. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. कानावर आवाज पडलाच नाही, तर मेंदूतली ऐकण्याची जागा दुसऱ्याच कामाला जुंपली जाते. मग सातव्या-आठव्या वर्षी यंत्र बसवलं तरी बोलता येणं फार कठीण होतं.

हे सरकारला ठाऊक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात वर्षातून दोनदा पथकाने अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची आणि शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहानपणीच उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात, पाठवायचं, तेही मोफत. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावरून बघा. थेरपी एका दिवसात संपत नाही, पुन्हापुन्हा नंदुरबार गाठावं लागतं. एसटीत बाईला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? शिवाय पथक येतं तेव्हा घरच ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असू शकतं.

आणि कान चांगले असले तरी त्या जोडण्या पक्क्या व्हायला मुलाशी कुणी बोलावं-खेळावं लागतंच. अंगणवाडीच्या खर्चात मात्र आहार ठळक दिसतो. २०१७ च्या दराने मुलामागे रोज आठ रुपये, तीव्र कमी वजनाच्या मुलाला बारा. तो हवाच. पण जमैकातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातली वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना फक्त पूरक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका तासभर जाई आणि मुलाशी कसं बोलायचं, खेळायचं ते आईला दाखवी. ही खेळवलेली मुलं बाविशीत न खेळवलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या आहाराने कमाईत असा फरक पडला नाही.

आपल्याकडे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा खेळांचा आराखडा २०२४ मध्ये आला. खेळण्यांना फारसा पैसा लागत नाही. तेलाच्या रिकाम्या बाटलीत मूठभर दादर ज्वारी टाकली की खुळखुळा तयार. पैसा लागतो तो पाड्यावर दर आठवड्याला तासभर बसणाऱ्या बाईच्या पगाराला. आणि हे काम आहार, नोंदी, मोबाइलवरचे फोटो सांभाळणाऱ्या त्याच अंगणवाडीताईच्या गळ्यात मारायचं नसेल, तर दुसरी ताई नेमावी लागेल.