नवी ई-बाइक: बॅटरी आधी पूर्ण उतरवायची नाही

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाच्याही दारात नवी इलेक्ट्रिक बाइक आली की कुणीतरी वडीलधारं सांगतंच, "आधी बॅटरी पार उतरव, मग रात्रभर चार्जिंगला लाव." हे चूक आहे.

सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. तिला अर्धवट चार्जिंगची 'सवय' लागून क्षमता कमी व्हायची. आजच्या बहुतेक ई-बाइकमध्ये लिथियम-आयन असते, तिला अशी सवय लागत नाही. उलट ती शून्यावर नेऊन तशीच ठेवली तर आतले सेल खराब होतात. तेव्हा मॅन्युअलप्रमाणे, गाडीबरोबर आलेल्याच चार्जरने चार्ज करा.

मला खरी काळजी वाटते ती नटबोल्टांची, कारण बॅटरीच्या नादात तिकडे कुणी बघतच नाही. मोटर मागच्या चाकातच असेल तर ती अॅक्सलला उलटा पीळ देते. नट ढिला राहिला तर अॅक्सल फिरतो, वायरी तुटतात, चाकही निसटू शकतं. म्हणून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा. हँडल आणि ब्रेक कॅलिपरचंही तेच. मग मागचं चाक अधांतरी ठेवून अॅक्सिलरेटर अगदी हळू पिळून बघा. सोडल्यावर मोटर लगेच थांबली पाहिजे.

आणि चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणार असाल तर माथ्यावर १०० टक्के चार्ज करू नका. काही गाड्यांत उतारावर मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग रोखते; पण भरलेल्या बॅटरीत जागा नसल्याने हा मोटरचा ब्रेक जवळजवळ लागत नाही, सगळा भार ब्रेक पॅडवर येतो.