असहकार आणि कायदेभंग: एकाच पोत्यात कोंबू नका

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की २ ऑक्टोबरची भाषणं, ‘असहकार-कायदेभंग’ ही जोडी एका दमात उरकली जाते. जणू १९२० चीच चळवळ १९३० साली नाव बदलून पुन्हा आली.

असहकार शाळेत सगळ्यांनी घोकलेला आहे: पदव्या परत, वकिली बंद, सरकारी शाळा आणि कौन्सिलांवर बहिष्कार. त्यावर जास्त वेळ घालवत नाही. कुठली चळवळ मोठी, कुठली जास्त पसरली, ही घासाघीसही परीक्षेपुरतीच.

खरी गोम वेगळीच आहे. असहकाराच्या मूळ कार्यक्रमात कायदा मोडायचाच नव्हता. मोतीलाल नेहरूंनी, चित्तरंजन दासांनी वकिली सोडली, तर पोलिसांनी कुठलं कलम लावायचं? कोर्टात उभं राहायलाच हवं, असा कायदा थोडाच होता! सरकारला आपण देत असलेला हात काढून घ्यायचा, इतकंच.

कायदेभंगात मात्र गुन्हा करायचा, आणि तोही आधी सांगून. गांधींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनला पत्र पाठवून कळवलं, मग मिठाचा कायदा मोडायला दांडीची वाट धरली. आपल्याकडे समुद्र नसलेल्या भागात लोकांनी जंगलचा कायदा निवडला. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अण्यांनी जाहीरपणे गवत कापलं आणि अटक करून घेतली. गवताची किंमत ती काय! पण परवानगीशिवाय कापलं की गुन्हा पक्का, आणि हवा होता तोच.

म्हणजे शिक्षा हा कायदेभंगाचा अर्धा भाग आहे. टोलनाका फोडायचा, तोंडाला रुमाल बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी अटकपूर्व जामिनासाठी धावायचं, याला ‘सविनय कायदेभंग’ म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

गोंधळाचं मूळ बहुधा १९२१ च्या अखेरीस आहे. स्वयंसेवक दलांवर बंदी आली, ती मोडून हजारो लोक तुरुंगात गेले, आणि असहकाराच्या पोटातच कायदेभंग शिरला. १ फेब्रुवारी १९२२ ला गांधींनी बारडोलीत सामुदायिक कायदेभंगाची नोटीसच दिली होती. तीन दिवसांनी चौरीचौरा घडलं, जमावाने पोलीस ठाणं पेटवून पोलिसांना मारलं, आणि बारडोलीचा बेत बारगळला. पाठ्यपुस्तकात उरलं ते ‘असहकार मागे घेतला’ एवढंच वाक्य.

आणखी एक फरक. एकट्या वकिलाने कोर्ट सोडल्याने कोर्ट बंद पडत नाही. असहकाराला माणसं लागतात. कायदेभंगाला एक माणूसही पुरतो. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं, चार दिवसांत अटक झाली. त्या सत्याग्रहाचं नावच ‘वैयक्तिक’.

जाता जाता महाडबद्दल. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह लोक खुशाल कायदेभंगात जमा करतात. साफ चूक. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असं सांगणाऱ्या मुंबई कौन्सिलच्या बोले ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केलं होतं. बाबासाहेबांनी कायदा मोडला नाही, कागदावरचा हक्क बजावला. अडवणारे होते ते सवर्ण गावकरी. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी तोही पाळला आणि खटला लढवला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला.