खानापूरचे जंगल: आधी पाणी, मग सागवान, पुन्हा पाणी

मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमलेला अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर होता आणि जंगल तुटले की ओढे आटतात, ही त्याची मुख्य चिंता होती. जंगल पाऊस ओढून आणते ही तेव्हाची समजूत आपल्या भागापुरती तरी तोकडी आहे, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम भागात कोसळणारा पाऊस समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडून वर चढल्यामुळे पडतो. जंगलाचे काम त्यानंतर सुरू होते: पालापाचोळ्याखालची, मुळांनी भुसभुशीत केलेली माती ते पाणी जिरवते आणि पावसाळा सरल्यावरही कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेसारख्या नद्यांचे झरे पोसते.

१८६४ मध्ये जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिसच्या हाताखाली देशाचे वनखाते उभे राहिले, तोवर सरकारची नजर लाकडाकडे वळली होती. रेल्वेला रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर हवे होते. पुढे १८८० च्या दशकात लोंढा-कॅसलरॉकमार्गे मुरगावची रेल्वे तर या जंगलातूनच गेली. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि राखीव जंगलात गावकऱ्यांचे चराईचे व सरपणाचे वहिवाटी हक्क सरकारच्या मर्जीवर आले. घाटमाथ्यावरच्या कुमरी शेतीवरही निर्बंध आले. जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेच्या खतावर दोन-तीन वर्षे नाचणी घ्यायची आणि पुढची अनेक वर्षे ती जागा पडीक ठेवायची, अशी ही पद्धत होती. पडीक काळ पुरेसा लांब असेल तर तिथे जंगल परत येते. पण हिशेब सागवानाचा असल्यामुळे साहेबांना त्यात केवळ नासाडी दिसली, हे माझ्या मते एकांगी होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि खानापूर म्हैसूरकडे गेले. सलग रानाचा कारभार दोन वनखात्यांत वाटला गेला. (गव्यांना याची कल्पना कोणी दिली नाही.) १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन इतर कामाला देण्यापूर्वी केंद्राची परवानगी सक्तीची केली आणि १९८८ च्या वननीतीने पर्यावरणाचे संतुलन हा मुख्य हेतू मानून महसुलाला दुय्यम स्थान दिले, म्हणजे गिब्सनची चिंता १४० वर्षांनी धोरणात आली. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. तिथल्या बारापेडे गुहांतले राटन वटवाघूळ विज्ञानाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते, पण लाकडाच्या हिशेबात अशा प्राण्याला जागाच नव्हती.

या जंगलात राहणाऱ्या माणसांचा प्रश्न मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यावर येऊन थांबतो. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे पुरावा थेट १९३० चा, मुंबई इलाख्याच्या काळातला हवा. तितका जुना कागद घरात नसेल, तर गावातल्या वयोवृद्धांचा लेखी जबाबही पुराव्यात धरता येतो आणि दाव्याची पहिली सुनावणी ग्रामसभेपुढेच होते.