टकिलातला तो एक टक्का

टकिला ही अगेव्ह या घायपातासारख्या वनस्पतीपासून गाळलेली मेक्सिकोची दारू. तिच्या बाटलीवर ‘100% अगेव्ह’ असे छापलेले दिसले की आत अगेव्ह आणि पाण्याखेरीज दुसरे काही नाही, असे ग्राहक धरून चालतो. मेक्सिकोचे सरकारी मानक मात्र तसे म्हणत नाही. आंबवलेली सगळी साखर निळ्या अगेव्हची होती, एवढीच हमी त्या शब्दांत आहे. दारू गाळून आणि मुरवून झाल्यावर तिच्यात कॅरॅमल रंग, ओकच्या लाकडाचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक घालायला नॉम-006 या मानकाची परवानगी आहे. वजनाच्या 1 टक्क्याच्या आत राहिले की झाले, लेबलवर त्याचा उल्लेख करावा लागत नाही.

750 मिलीच्या बाटलीत हा टक्का जेमतेम 7 ग्रॅम भरतो. पण तेवढ्यात बरेच काही साधते. दोन महिने पिंपात राहिलेली रेपोसादो कॅरॅमलमुळे वर्षभर मुरलेल्या आन्येखोसारखी दिसू लागते, ग्लिसरीनमुळे घोट घशाखाली गुळगुळीत उतरतो आणि ओकच्या अर्काने पिंपाचा वासही येतो. यातल्या कशानेही कुणाच्या प्रकृतीला धोका नाही. वाद आहे तो मुरण्याच्या काळाचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला तो काळ खरोखर मिळतो का, याचा.

ही ढिलाई एका दिवसात आलेली नाही. 1949 च्या पहिल्या मानकात टकिला केवळ अगेव्हचीच होती. पण अगेव्ह काढणीला यायला सहा-आठ वर्षे लागतात आणि मागणी तेवढी थांबत नाही. 1964 मध्ये 30 टक्के साखर बाहेरची चालेल असे ठरले, 1970 मध्ये हे प्रमाण 49 टक्क्यांवर गेले. उसाची साखर मिसळलेल्या या टकिलाला ‘मिक्स्तो’ म्हणतात. 1974 मध्ये टकिला नावाला भौगोलिक संरक्षण मिळाले. संपूर्ण हालिस्को आणि आणखी चार राज्यांतले ठरावीक भाग सोडून इतरत्र कुणी हे नाव वापरायचे नाही. (दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू गाळणारे आपल्याकडचे उत्पादकही म्हणूनच बाटलीवर ‘अगेव्ह स्पिरिट’ लिहितात.) म्हणजे नाव कुठे वापरायचे याबाबत नियम कडक होत गेले आणि आत काय घालायचे याबाबत सैल.

1994 मध्ये टकिला नियामक परिषद स्थापन झाली. ही खासगी, ना-नफा संस्था असून उत्पादक, बाटलीबंद करणारे आणि अगेव्हचे शेतकरी तिचे सभासद आहेत. मानक पाळले जाते की नाही हे तीच तपासते. ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच घरात बसलेले, ही अडचण तेव्हापासूनची.

मधल्या काळात कारखान्यांची रीत बदलली. पूर्वी पाने छाटलेला अगेव्हचा गड्डा विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस भाजत, मग रस काढत. डिफ्यूजर यंत्रात कच्च्या गड्ड्याचा चुरा गरम पाण्याच्या झोतांखाली धुतात आणि जवळजवळ सगळी साखर निघून येते. उतारा वाढतो, पण भाजण्यातून येणारी चव मात्र हरवते. ती भरून काढायला कॅरॅमल, ग्लिसरीन अशी वरून घालायची मिश्रणे हाताशी असतातच.

2020 च्या सुमारास हालिस्कोत राहणाऱ्या एका अमेरिकन दांपत्याने ‘मिश्रणमुक्त’ ब्रँडची यादी करायला घेतली. तयारी असलेल्या भट्टीवाल्याकडे जायचे, कोठी आणि नोंदी पाहायच्या, पिंपातला नमुना दुकानातल्या बाटलीशी ताडून पाहायचा, अशी त्यांची पद्धत होती. छोट्या भट्ट्यांना यातून चांगली गिऱ्हाइके मिळाली. परिषदेला ते मानवले नाही. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आपला, आणि मिश्रण नाहीच हे सिद्ध करणारी खात्रीची चाचणी कुणाकडे नाही, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पण लेबलवर घटक लिहायची सक्ती केली असती तर अशा खासगी यादीची गरजच पडली नसती, याला तिच्याकडे उत्तर नाही. मार्च 2024 मध्ये या दांपत्याच्या घरावर सरकारी छापा पडला आणि अंगणातले भांडण जगभरच्या बातम्यांत गेले.

मे 2025 मध्ये प्रकरण आणखी पुढे गेले. कासामिगोस आणि डॉन हुलियो या ब्रँडची मालक असलेल्या दियाजिओवर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. आरोप एका टक्क्याचा नव्हता: ‘100% अगेव्ह’ म्हणून विकलेल्या टकिलात उसाचे किंवा मक्याचे अल्कोहोल सापडले, असा होता. कंपनीने तो साफ नाकारला. आरोपाचा आधार प्रयोगशाळेतले समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) मापन, आणि तिथेच खरी मेख आहे. ऊस आणि मका एका पद्धतीने कार्बन बांधतात, अगेव्ह दुसऱ्या. तरीही तिघांच्या कार्बनमधले समस्थानिकांचे प्रमाण जवळजवळ सारखेच येते. निव्वळ कार्बन पाहून भेसळ ओळखता येत नाही. त्यासाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजनकडे वळावे लागते आणि मग कुठली मर्यादा ग्राह्य धरायची यावर तज्ज्ञांची जुंपते.

शेतकऱ्यांचा राग वेगळाच आहे. काही वर्षांपूर्वी किलोला 30 पेसोंच्या आसपास गेलेला अगेव्हचा भाव 2024 पर्यंत कोसळला. भावाच्या त्या तेजीत लावलेली रोपे आता शेतात पिकून उभी आहेत. माल पडून असताना कारखाने बाहेरचे अल्कोहोल वापरतात, असा आरोप करत हालिस्कोतले शेतकरी रस्त्यावर उतरले.